अनामत

दर ठरलेले आहेत.
पूर्ण बाग, सकाळ ते रात्र, नऊ हजार.
अर्धी बाग, कारंज्याकडची, साडेपाच.
कारंजं बंद आहे, तरी त्याचे पाचशे त्यातच धरलेले.
अनामत वेगळी.
झाडाला खिळा ठोकल्यास कापून घेऊ,
हिरवळीत खड्डा केल्यास कापून घेऊ,
दहानंतर स्पीकर वाजला तर... पण तो वाजतोच,
आणि वाजवणाऱ्याचा फोन
माझ्याआधी साहेबांना गेलेला असतो.

अकरा वर्षं मी जालन्यात या पावत्या फाडतो.
टाकीच्या बागेत माझ्या सहीनं
साखरपुडे झाले, बियाणे कंपनीचे मेळावे झाले,
रोलिंग मिलवाल्याच्या नातवाचा पहिला वाढदिवस झाला;
त्यात उंट आणला होता,
आणि उंटानं कुंपणाची मेंदी दोन हात खाल्ली.
ती तिथं अजून बुटकीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी जातो, वही घेऊन.
थर्माकोलचे मणी, पत्रावळीकडं निघालेल्या मुंग्या,
कडुनिंबाच्या अंगात नवा खिळा.
एकट्या त्या निंबातून एकेचाळीस उपटले आजवर.
टेबलाच्या खणात आहेत.
का ठेवलेत, विचारू नका.

मार्चमध्ये यमुना भुतेकर आल्या.
पहाटे पाच ते सात, आठ दिवस.
कार्यक्रमाचं स्वरूप?
"कार्यक्रम नाही."
मग?
"सायकल शिकायचीय. सतरा जणी आहोत.
आशा, अंगणवाडीच्या, एक मुख्याध्यापिका."
बाई, बाग सार्वजनिक आहे. या की तशाच. पैसे कशाला?
"तशा आलो होतो दोन दिवस.
फिरायला येणारे फिरायचे थांबले.
एकानं मोबाइल काढला."
मग टेबलावर नोटा मोजत,
दहाच्या, वीसच्या, डब्यातल्या मसाल्याचा वास लागलेल्या,
"मला बाग नको, साहेब.
बागेचं बंद फाटक पाहिजे."

अर्जात तसा रकाना नव्हता.
विवाह, वाढदिवस, राजकीय, धार्मिक, व्यापारी.
मी 'इतर'वर खूण केली.
ध्वनिक्षेपक: नाही. मंडप: नाही. भोजन: चहा.
खुर्च्या?
"बसायला थोडीच येतोय."

तिसऱ्या दिवशी काशीनाथ तौर, निवृत्त तलाठी,
पांढऱ्या बुटांसकट कचेरीत.
सार्वजनिक म्हणजे कोणाचं, सांगा मला!
मला सांगता आलं नाही.
पावती दाखवली.

हनीफभाई आठही पहाटे
बागेकडं पाठ करून स्टुलावर बसले,
रस्त्याकडं तोंड, मांडीवर काठी.
काय चाललंय आत, मी विचारलं.
"देखा नै. सुना."
काय?
"पहले गिरने की आवाज. फिर हँसने की.
कल से सिर्फ चेन की."

नवव्या दिवशी वही घेऊन गेलो.
थर्माकोल नाही. निंबात खिळा नाही.
पायवाटेवर टँकरचं पाणी मारलेलं,
ओल्या मातीत चाकाची रेघ.
फाटकापाशी निघाली तेव्हा दारू प्यायल्यासारखी,
मग मेंदीत घुसलेली,
तिथं हिरव्या काचेचे तीन तुकडे, चपलेचा तुटका अंगठा,
पुन्हा उठलेली, बाकाला धडकलेली,
पुन्हा उठलेली,
आणि बंद कारंज्याला वळसा घालून निघाल्यावर
कुठंतरी,
नेमकं कुठं ते खूप शोधलं,
सरळ झालेली.

मी तिच्या कडेकडेनं चाललो,
पाय पडू नये म्हणून.

नियम सात, पोटनियम क: पायवाटेस इजा.
दीडशे कापता येतात.
मी लिहिलं, नुकसान निरंक.

संध्याकाळी यमुनाबाई अनामत न्यायला आल्या.
उजव्या तळहाताला हळद भरलेली,
सही डाव्या हातानं केली, तीही वाकडीच.
खाली रस्त्यावर सायकल होती, कुलूप नव्हतं,
म्हणून घाईत होत्या.
पैसे मोजलेसुद्धा नाहीत.